मोहर खुडणारे सर

सरांनी मला कॉलेजच्या चार वर्षांत एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. ते मला रामफळ म्हणत.

उद्यानविद्येच्या पहिल्या वर्गाला आम्ही वह्या घेऊन बसलो होतो. सर आले, फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "कशाला आलात?" एकेकाने उठून सांगितलं. कुणाला निसर्गाची आवड होती, कुणाला बळीराजासाठी काहीतरी करायचं होतं, एकाला तर पृथ्वी वाचवायची होती. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे चांगलं कारण शिल्लक नव्हतं. मी म्हणाले, "मेडिकलला नंबर लागला नाही, सर."

"बसा," सर म्हणाले. "वर्गात एक तरी माणूस निघालं."

मग त्यांनी सगळ्यांना कॉलेजमागच्या बागेत नेलं आणि प्रत्येकाला एक झाड दिलं. चार वर्षं ते झाड त्या विद्यार्थ्याचं, आणि त्या झाडाचं नाव हे विद्यार्थ्याचं नाव. माझ्या वाट्याला एका अंगाला कललेलं, मुंग्यांनी भरलेलं रामफळ आलं. एका उंच, अवघडलेल्या मुलाला फणस मिळाला आणि तो आजतागायत आम्हा सगळ्यांचा फणसच आहे. एका मुलीला बोर मिळाली. तिच्या वडिलांनी कॉलेजात येऊन तक्रार केली, की माझ्या मुलीला चारचौघांत बोर म्हणतात हे बरं दिसत नाही. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बदलून देतो. निवडुंग रिकामा आहे." वडील बोरीवर समाधान मानून घरी गेले.

हजेरी झाडाची असायची. सर सकाळी बागेतून फेरी मारून येत आणि ज्याच्या झाडाच्या आळ्यात ओल असेल तो हजर. त्यामुळे एखादा सिनेमाला जाऊनही हजर असायचा, आणि उन्हाळ्यात पहिल्या बाकावर बसून टिपणं काढणारे कित्येक जण गैरहजर लागायचे. याबद्दल प्राचार्यांकडे अर्ज गेले. प्राचार्यांनी सरांना बोलावलं, पंख्याखाली बसवलं, नियम वाचून दाखवला. सर म्हणाले, "नियम बरोबर आहे. पण वर्गातल्या मुलाला पाणी नाही घातलं तर तो मरत नाही." प्राचार्यांनी अर्ज ठेवून दिले.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी आयटी पार्कालगतच्या माण गावची. आमचं शेत होतं. तिथे आता काचेची एक इमारत उभी आहे आणि उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्यात. शेत होतं तोवर आमच्या घरात कुणी शेती शिकलं नाही. शेत गेलं, आणि मग मला शिकायला पाठवलं. सरांना हे कळलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "काही हरकत नाही. पोहायला लोक विहीर बुजल्यावरच शिकतात."

सर आम्हाला 'तुम्ही' म्हणत. सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना, 'अहो चिकू', 'ऐका हो सीताफळ'. सुरुवातीला आम्हाला भारी वाटलं. मग वरच्या वर्गातल्यांनी सांगितलं, की हा मान नाही, शिक्षा आहे. ज्याचं स्वतःच्या हाताने बांधलेलं पहिलं कलम जगेल त्यालाच सर 'तू' म्हणतात. त्या एका 'तू'साठी आम्ही काय काय केलं! आंब्याच्या कोयी रुजवल्या, कलमाची काडी जिच्यावर बांधायची ते खुंट तयार केले, चाकूने बोटं कापून घेतली, पट्ट्या आवळल्या. माझ्या कलमाची काडी आठवडाभर हिरवीगार दिसत होती. मी धावत जाऊन सरांना सांगितलं. सर म्हणाले, "अहो रामफळ, हुरळू नका. काडीत तिचा स्वतःचा रस असतो, त्यावर ती थोडे दिवस हिरवी राहते. जगली की नाही ते नवी पालवी फुटल्यावर कळतं." माझी काडी पुढच्या आठवड्यात काळी पडली.

हे वाक्य सर कुठेही वापरत. सरकार बदललं, कुणाचं लग्न ठरलं, कॉलेजात नवा कॉम्प्युटर आला, की सर म्हणत, "आत्ता हिरवं दिसतंय. बघू." माझं कलम दुसऱ्या वर्षी जगलं. कोवळी तांबूस पालवी बघून सर म्हणाले, "ही बघ, फुटली." मला त्या पालवीपेक्षा 'बघ' दिसलं.

कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं होतं, की ही पदवी घेणाऱ्याला रोपवाटिका, फळप्रक्रिया, फूलशेती, उद्यानरचना आणि निर्यात अशी दालनं खुली होतात. दालनं खुली होती हे खरं. पण आमची बहुतेक मुलं पदवी मिळाली की पुण्यात पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसत. कुणी फौजदार झालं, कुणी खतकंपनीची मोटरसायकल घेऊन तालुके फिरायला लागलं, फणस पुढे बँकेत लागला. जुने विद्यार्थी पेढे घेऊन आले की सर विचारत, "खुंट कुठला मिळाला?" म्हणजे नोकरी कसली. फौजदार झालेल्या मुलाला त्यांनी आपादमस्तक पाहिलं आणि आम्हाला म्हणाले, "हे बघा, याला म्हणतात काटक काडी. कुठल्याही खुंटावर लागते." तो बिचारा खूष होऊन गेला.

एकदा स्नेहसंमेलनाला भूगावचे एक बांधकाम व्यावसायिक प्रमुख पाहुणे म्हणून आले होते. त्यांच्या नव्या गृहप्रकल्पाच्या बागेसाठी ते आमच्यातली मुलं घेणार होते, म्हणून प्राचार्य आदल्या दिवसापासून हवेत होते. पुष्पगुच्छ देण्याचं काम, का कोण जाणे, सरांकडे आलं. सरांनी गुच्छ हातात घेतला, पाहुण्यांना दिला नाही, आणि माइकसमोर उभं राहून त्याचा कागद सोडला. एक जरबेरा बाहेर काढला. त्याच्या देठावर प्लास्टिकची नळी चढवलेली होती. "याची मान पडते, म्हणून नळी," सर म्हणाले. मग त्यांनी एक कार्नेशन काढलं. "याचा गळा फाटतो, म्हणून रबर." मग आमच्याकडे बघून, "विद्यार्थ्यांनो, ही फुलं उभी नाहीत. उभी केलेली आहेत. पुढच्या वर्षी काढणीपश्चात तंत्रज्ञानात हा धडा आहे." एवढं बोलून त्यांनी ते सगळं पुन्हा गोळा केलं आणि पाहुण्यांच्या हातात ठेवलं. प्राचार्य खुर्चीतून अर्धवट उठले. पाहुणे मात्र मोठ्याने हसले, तिथल्या तिथे तीन मुलांना नोकरी जाहीर केली, आणि सरांना म्हणाले की तुम्हीसुद्धा या. सर म्हणाले, "मी येत नाही. मुलं घेऊन जा. फक्त लॉन लावताना त्यांनी माझं नाव सांगू नये."

लॉन हा शब्द ते असा उच्चारत, जसा दुसरा कुणी जुगार हा शब्द उच्चारेल.

शेवटच्या वर्षी आम्हाला एका गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. आमच्या गटाला रिह्याच्या खोऱ्यातलं गाव मिळालं. खाली भातखाचरं, वर उतरणीची हलकी, मुरमाड वरकस जमीन, आणि त्या उतरणीवर इथे तिथे फार्महाउसांची पांढरी कुंपणं. आम्ही देवळाशेजारच्या खोलीत राहिलो आणि महिन्याच्या शेवटी शेतकरी मेळावा ठेवला. विषय: वरकस जमिनीवर फळबाग. बोलणार फणस. मार्गदर्शक म्हणून सर कॉलेजातून आले आणि देवळाच्या खांबाला टेकून बसले.  

फणस छान बोलला. खड्डे किती खोल घ्यायचे, कलम कुठलं लावायचं, पावसात मुळाशी पाणी साचू नये म्हणून काय करायचं, सगळं. शेतकऱ्यांनी मनापासून ऐकलं. मग एक जण म्हणाला, "समदं पटलं बगा. पर म्या जमीन मागल्या वर्सीच इकली. ह्ये त्या फार्महौसवाल्याला सांगाया पायजे." हशा झाला. दुसरा म्हणाला, "माजी हाय अजून, पर बोलनी चालू हायती." पुन्हा हशा.

तेवढ्यात मागून एक वयस्क गृहस्थ उठले. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठले. त्यांनी फणसाकडे पाहिलंच नाही. खांबाकडे बघून म्हणाले, "बारक्या, तूबी ऐकतुयास न्हवं?"

आम्ही इकडे तिकडे पाहिलं. बारक्या कोण? खांबाला टेकलेले आमचे सर हळूच म्हणाले, "ऐकतोय, दादा."

सर याच गावचे होते. हे दादा त्यांचे थोरले भाऊ. महिनाभर आम्ही त्या गावात राहत होतो आणि सरांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

"ही पोरं आमाला बाग लावाया शिकवत्यात," दादा म्हणाले. "पोरांना तू शिकिवतोस. आन आपल्या वरकसावर नुसतं गवात हाय. माजं गुडघं गेलं. माजी पोरं शेतात पाय ठेवंनात, त्येंना इकायची घाई झालीया. सातबाऱ्यावर दोगांची नावं, तुजी सही हुईना. मंग आता चारचौगांत इचारतो. येक तर तू ये कराया, न्हाईतर सही कर."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत लावला. "येतो," ते म्हणाले.

"कवा?"

"जूनला."

सगळे हसले, दादासुद्धा. आम्हाला वाटलं, सरांनी नेहमीसारखं तिरकं उत्तर दिलं. पण सरांनी खरोखर राजीनामा दिला. निवृत्तीला काही वर्षं असताना, चांगला पगार असताना. स्टाफरूममध्ये एकमत झालं की डोकं फिरलं. निरोप समारंभात शाल दिली, नारळ दिला; पुष्पगुच्छ द्यायची कुणाची हिंमत झाली नाही. आम्ही विचारलं तेव्हा सर म्हणाले, "वडिलांनी मला शिकवलं ते शेतातून बाहेर पडायला. बाहेर पडलो, आणि आयुष्यभर कसला पगार घेतला? दुसऱ्याच्या पोरांना शेतात जा म्हणून सांगायचा. एखाद्या दिवशी कुणीतरी विचारणारच होतं."

दादांनी एक अट घातली होती. स्वतःच्या पोरांना त्यांनी कसंबसं थोपवलं होतं. थोपवायला मुदत सांगावी लागली. पहिला मोहर येईपर्यंत थांबायचं. मोहर आला आणि त्या हंगामात झाडाला फळ दिसलं, तर पोरं गप्प बसतील. नाही दिसलं, तर सही. सर हो म्हणाले.

आता उद्यानविद्येच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही ठाऊक असतं, की आंब्याचं कलम लवकर मोहरतं, आणि तो सुरुवातीचा मोहर ठेवायचा नसतो. झाड लहान असतं. फळ धरलं तर सगळं बळ फळात जातं, झाड खुरटतं. तीन-चार वर्षं मोहर खुडून टाकायचा, झाडाला झाड होऊ द्यायचं. हे आम्हाला सरांनीच शिकवलं होतं. मग त्यांनी ही अट का मान्य केली? पुढे एकदा मी विचारलं. ते म्हणाले, "दादाने आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी दिलं होतं. मुदत. त्यात घासाघीस कशी करू?"

सरांनी उतरणीवर केशर आंबा लावला. वरच्या झऱ्यावरून पाणी आणलं, ढोरांपासून राखायला काटेरी कुंपण घातलं, पहिल्या पावसाळ्यात काही रोपं गेली ती पुन्हा लावली. दुसऱ्या वर्षी दोन-तीन झाडांना मोहर आला तेव्हा कुणी बघायच्या आत त्यांनी तो गुपचूप खुडून टाकला. पण तिसऱ्या वर्षी थंडी अशी पडली, की सगळा उतार एकदम मोहरला. रस्त्यावरून दिसत होता.

सरांचा फोन आला. "रविवारी ये. फणसालाही सांग. मोहर खुडायचाय."

तोपर्यंत मी नोकरीला लागले होते. माणमध्येच. आमच्या जुन्या शेतापासून हाकेच्या अंतरावर, आयटी पार्कातल्या इमारतींची झाडं सांभाळणाऱ्या एका कंत्राटदाराकडे हॉर्टिकल्चर एक्झिक्युटिव्ह. वडिलांना मोठा अभिमान. मी लॉबीतले पाम, गच्चीवरच्या वेली, मीटिंग रूममधले मनी प्लांट बघायची. मग कुणीतरी तक्रार केली की कुंड्यांमुळे डास होतात, आणि एका शनिवारी सगळी झाडं गेली. सोमवारी त्याच जागी प्लास्टिकची आली. माझी नोकरी मात्र राहिली. आता मी प्लास्टिकची झाडं पुसून घेते. पदनाम तेच.

त्या रविवारी उतार चढता चढता सरांनी विचारलं, "काय चाललंय?" मी सांगून टाकलं. मला वाटलं, आता दिवसभर माझी टर उडणार. सरांनी गंभीरपणे विचारलं, "कशाने पुसतेस? ओल्या फडक्याने?"

"हो सर."

"पानाच्या खालूनही?"

"नाही. वरूनच."

"खालूनही पुसत जा," सर म्हणाले. "काम आहे ना, मग नीट कर."

फणस हसून हसून उतारावरून घसरायचा बाकी होता. सर हसत नव्हते.

आम्ही मोहर खुडायला लागलो. ज्याने कधी हे काम केलं नाही त्याला सांगून कळणार नाही. मोहराचा तो आंबूस गोड वास, वर मधमाश्या, आणि आपण चिमटीत धरून मोडतोय, खाली टाकतोय. दोन ओळी झाल्या तेव्हा माझं लक्ष बांधाकडे गेलं. दादा येऊन उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे.

"बारक्या," ते म्हणाले, "ह्ये काय करतुयास?"

"मोहर खुडतोय."

"त्ये दिसतंय. अरं, आपसूक झडला तर गोष्ट येगळी. तू हातानं तोडतोयस? माजी पोरं रस्त्यावनं बगून आल्यात. मोहर आला म्हनून त्येंनी मानलं हुतं तुला."

"झाडं लहान हायती, दादा. आत्ता फळ धरलं तर खुरटतील."

दादा बांध उतरून आले. गुडघ्याने साथ दिली नाही, म्हणून फणसाने हात दिला. ते एका झाडाजवळ थांबले आणि मोहराला हात न लावता नुसतं बघत राहिले. मग आवाज एकदम खाली आला. "येक ठेव," ते म्हणाले. "लई न्हाई मागत. येका झाडावर येक कैरी. तेवडी दावली की पोरांची तोंडं बंद. मला काय इकायची हौस हाय व्हय? बाच्या हातची जमीन हाय ती."

मी सरांकडे पाहिलं. मीही म्हणाले, "सर, एका झाडाने काय होतंय? शेकड्यातलं एक झाड खुरटलं तर खुरटलं."

सर माझ्याकडे वळले. "परीक्षेत असं लिहिलं होतंस?"

"परीक्षेत जमीन जात नव्हती, सर."

क्षणभर वाटलं, ते ऐकतील. ते दादांसमोरच्या झाडाकडे गेले, मोहराचा एक झुपका उचलून बघितला. त्यात मिरीएवढी फळं धरायला लागली होती.  सर म्हणाले, "ह्या झाडाला मी काय सांगू, दादा? तुज्यावर वझं टाकतो म्हनून?" कॉलेजात ज्यांच्या तोंडून कधी एक गावठी शब्द ऐकला नव्हता, ते सर भावाशी त्याच्याच बोलीत बोलत होते. आणि बोलता बोलता त्यांनी तो झुपका खुडला.

दादा मागे फिरले. परत जाताना त्यांनी फणसाचा हातही घेतला नाही.

पावसाळ्याआधी सरांनी पौडच्या निबंधक कार्यालयात जाऊन विक्रीच्या कागदावर सही केली. दिलेल्या शब्दाला माणूस पक्का. आम्ही फोनवर एकमेकांशी भांडलो. फणस म्हणाला, सर वेडे आहेत. मी म्हणाले, वेडे नाहीत, हट्टी आहेत. मग आम्ही बाजू बदलून तेच भांडण पुन्हा केलं.

पुढे जे झालं ते सरांना शोभेल असंच झालं. जमीन घेणारे शहरातले उद्योजक पहिल्यांदा बघायला आले तेव्हा त्यांना उतारावर सरळ ओळीत उभी असलेली, टवटवीत, डेरेदार व्हायला लागलेली झाडं दिसली. त्यांनी विचारलं, हे कुणी लावलं. सर तिथेच झाडांना आळी करत होते. उद्योजकांनी त्यांना तिथल्या तिथे नोकरी दिली. एका आयुष्यात बागेचा मालक, आणि मग त्याच बागेत नोकर. सरांनी दोन अटी घातल्या: झाडांबाबत शेवटचा शब्द त्यांचा, आणि लॉन लावायचं नाही. लॉनबद्दल बराच खल झाला. शेवटी पोहण्याच्या तलावाभोवती तेवढं लॉन आलं. सर त्याला 'ती चटई' म्हणतात आणि तिच्यावरून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालतात.

मालक वर्षातून काही वेळा पाहुणे घेऊन येतात. पाहुण्यांना ते सांगतात, "हे आमचे हॉर्टिकल्चरिस्ट." सर मला म्हणाले, "बघ, एवढी वर्षं कॉलेजात होतो, पण मला माझ्या पदवीने हाक मारणारा हा पहिला माणूस." मालक त्यांना थोडे घाबरूनच असतात. एकदा फोटोसाठी एका पाहुणीने फांदी खाली ओढली, तर सरांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमचा हात असा ओढला तर चालेल का?" मालक मध्ये पडले नाहीत. त्यांच्याही हातात एक फांदी होती, ती त्यांनी सोडून दिली.

आता कॉलेजची मुलंही तिथे शिकायला येतात. सर त्यांना झाडं देतात, 'तुम्ही' म्हणतात. पगार वेळेवर होतो, झऱ्याऐवजी बोअरचं पाणी आहे. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, पश्चात्ताप होतो का?" ते म्हणाले, "जमीन गेली, बाग राहिली. उलटं झालं असतं तर मी मेलो असतो." मला ते पटलं. मी ते फणसाला सांगितलं, त्यालाही पटलं. बरीच वर्षं मी हे वाक्य लोकांना सांगत होते.

गेल्या मे महिन्यात पहिलं भरघोस पीक आलं, म्हणून सरांनी बोलावलं. मी फाटकापाशी पोचले तर दादा तिथे उभे होते आणि नवा वॉचमन त्यांना अडवत होता.

"किसके यहाँ जाना है?"

"अरं बाबा, हितंच. आत."

"साब को फोन करना पड़ेगा."

"कर की. सांग, थोरला भाव आलाय."

वॉचमनने फोन लावायच्या आत सर स्वतःच आले. टोपी, हातात कात्री, घामाने भिजलेला शर्ट. "आने दो," ते म्हणाले, "रोज आएँगे." दादा खरंच रोज येतात, हे मला तेव्हा कळलं. विक्रीनंतर पोरांनी गाड्या घेतल्या आणि त्या आयटी पार्कात भाड्याने लावल्या. दादांना दिवसभर करायला काही उरलं नाही. म्हणून जेवण झालं की ते काठी टेकत येतात आणि संध्याकाळपर्यंत बागेत बसतात.

आम्ही तिघं एका झाडाखाली बसलो. पाडाचे आंबे गवतात उतरवून ठेवले होते. मालकांशी ठरल्याप्रमाणे एका झाडाचं फळ सरांचं असतं, ते हेच झाड. मोठं झाड. बुंधा माझ्या दोन्ही हातांत मावला नसता. सरांनी आंबा कापला, पहिली फोड दादांना दिली, दुसरी मला. दादांनी फोड खाल्ली, कोय चोखली, बोटं पुसली. वर झाडाकडे बघत म्हणाले, "त्या वर्सी येक कैरी ठिवली असतीस तर?"

सर म्हणाले, "तर ह्ये झाड एवडं झालं नसतं, दादा."

"नसतं झालं," दादा म्हणाले. "पर आपलं असतं."

मी सरांकडे पाहिलं. ते गवतातले आंबे एकेक करून दाबून बघत होते. बराच वेळ त्यांना हवा तो सापडेना. मग एक उचलला, टोपीने पुसला आणि कापायला घेतला.

"ह्यो घे," ते म्हणाले. "ह्यो गोड हाय."

"पयलाबी गोडच व्हता," दादा म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.